डॉ. होमी भाभा यांचे चरित्र : ट्रॉम्बेची अणुभट्टी ते परळचा दवाखाना



३० ऑक्टोबरला डॉ. होमी भाभा यांची जयंती असते. बऱ्याचदा ती दिवाळीच्या सुट्टीत येते, त्यामुळे परिपाठात त्यांच्याबद्दल चार वाक्यं सांगायचीही राहून जातात. आणि सांगितली तरी ती ठरलेलीच असतात. भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाचे जनक, भाभा अणुसंशोधन केंद्राचे संस्थापक, विमान अपघातात निधन. संपलं. मीही इतकी वर्षं एवढंच सांगत आले.

यंदा मात्र वर्गात एक प्रसंग घडला आणि हे चरित्र मला नव्याने वाचावं लागलं.

मी वरळीत चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गातल्या एका मुलाच्या आईवर कॅन्सरचे उपचार चालू आहेत. (कुटुंबाची ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक तपशील इथे बदलले आहेत.) एके दिवशी तिचं स्कॅन झालं. घरी सोडताना तिला सांगितलं होतं, की आज लहान मुलांना अगदी जवळ घेऊन बसू नका, आपल्या अंगात थोडं किरणोत्सर्गी औषध आहे. मुलाने ही गोष्ट दुसऱ्या दिवशी शेजारच्या मित्राला सांगितली. मधल्या सुट्टीपर्यंत ती सगळ्या वर्गात पसरली. डबा खायला बसताना त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहिली. त्याच्या आईला रेडिएशन झालंय, ते आता यालाही चिकटलं असेल, असं मुलांचं म्हणणं.

शाळा सुटल्यावर तो माझ्याजवळ आला. आईच्या अंगात अणुबॉम्बचं औषध घातलंय का, असं त्याने मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरांना सगळं कळतं, काळजी करू नकोस, एवढंच बोलून मी त्याला घरी पाठवलं. त्याचं समाधान झालं नाही, ते मला दिसत होतं.

त्या दिवसापासून मी वाचायला, विचारायला लागले. अंगात घातलेल्या औषधाने शरीराचा फोटो कसा निघतो? ते औषध येतं कुठून? शोधत गेले तर वाट परळहून ट्रॉम्बेला गेली, आणि ती वाट बांधणारा माणूस सापडला तो म्हणजे डॉ. होमी भाभा. म्हणून हा लेख.

जन्म आणि बालपण

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा वकील होते. घरात पुस्तकांचा मोठा संग्रह होता, पाश्चात्य संगीताच्या तबकड्या होत्या, चित्रकलेची आवड होती. होमींनी या तिन्ही आवडी आयुष्यभर जपल्या. ते स्वतः उत्तम चित्रं काढत.

त्यांची आत्या म्हणजे मेहेरबाई. त्यांचा विवाह जमशेदजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा यांच्याशी झाला होता. त्यामुळे लहानपणापासून होमींचं टाटांच्या घरी जाणं-येणं होतं. पोलादाचा कारखाना कसा उभा राहतो, धरण बांधून वीज कशी तयार होते, अशा गोष्टी त्या घरात मोठी माणसं बोलत आणि हा मुलगा ऐकत बसे. एखादी कल्पना कागदावर असणं वेगळं आणि ती जमिनीवर उभी करणं वेगळं, हे त्यांनी फार लवकर पाहिलं. या आत्याची आठवण ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

शिक्षण : इंजिनिअर की शास्त्रज्ञ?

होमींचं शालेय शिक्षण मुंबईच्या कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळेत झालं. नंतर एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स इथे शिकून ते १९२७ मध्ये इंग्लंडला केंब्रिजला गेले. वडिलांची आणि सर दोराबजींची इच्छा अशी, की मुलाने मेकॅनिकल इंजिनिअर व्हावं आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावं.

पण होमींचं मन भौतिकशास्त्रात रमलं. त्यांनी वडिलांना पत्र लिहून तसं स्पष्ट कळवलं. वडिलांनी रागावण्याऐवजी एक अट घातली. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो, मग पुढचं तुझ्या मनासारखं शिक. १९३० मध्ये होमींनी ती अट पूर्ण केली, वडिलांनी शब्द पाळला. पालकहो, इथे जरा थांबून विचार करावा असं मला वाटतं. या तडजोडीत मुलगाही जिंकला आणि वडीलही. शिवाय तेव्हा नको वाटलेलं ते इंजिनिअरिंग भाभांना पुढे अणुभट्टी उभारताना उपयोगी पडलंच असणार.

त्या काळी केंब्रिज म्हणजे अणुविज्ञानाचं माहेरघर. १९३२ मध्ये तिथेच जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला. अशा वातावरणात भाभांनी संशोधन केलं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणित त्यांनी मांडलं. ते आजही भाभा स्कॅटरिंग या नावाने शिकवलं जातं. १९३७ मध्ये त्यांनी हाइटलर यांच्यासोबत विश्वकिरणांवर महत्त्वाचं संशोधन प्रसिद्ध केलं.

आत्याच्या आठवणीत उभं राहिलेलं रुग्णालय

होमी केंब्रिजमध्ये शिकत असतानाच, १९३१ मध्ये, मेहेरबाईंचं रक्ताच्या कॅन्सरने ब्रिटनमध्ये निधन झालं. तेव्हा होमी २१ वर्षांचे होते.

देशातल्या सर्वांत श्रीमंत घरांपैकी एका घरातल्या बाईवर परदेशात उपचार होऊ शकले, तरी ती वाचली नाही. मग इथल्या गिरणी कामगाराच्या बायकोचं काय? तिला तर आजाराचं नावसुद्धा कळायचं नाही. परदेशात मिळतात तसे कॅन्सरवरचे उपचार आपल्या देशातही मिळावेत, असं दोराबजींच्या मनाने घेतलं. पण वर्षभरातच, १९३२ मध्ये, तेही गेले. त्यांनी आपली संपत्ती ट्रस्टच्या स्वाधीन केली होती. त्या सर दोराबजी टाटा ट्रस्टने परळला कॅन्सरचं रुग्णालय बांधलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झालं. तेच आपलं टाटा मेमोरियल, म्हणजे वरळी-परळकरांच्या भाषेत नुसतं टाटा.

जागा पाहा. गिरण्यांच्या धुराड्यांच्या मधोमध, कामगारांच्या चाळींशेजारी. केईएम रुग्णालयही जवळच.

सुट्टीवर आले आणि इथलेच झाले

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. परत जाता येईना. मग ते बंगळूरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांच्याकडे काम करू लागले. १९४१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. युद्ध संपल्यावर केंब्रिजला परतून सुखाने संशोधन करता आलं असतं. पण तोवर त्यांचा विचार बदलला होता. चांगल्या संस्था आपल्या देशात नाहीत म्हणून परदेशी जायचं, की त्या इथे उभ्या करायच्या? त्यांनी दुसरी वाट धरली.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. मूलभूत विज्ञानाची उत्तम संशोधन संस्था इथे काढली, तर वीसेक वर्षांनी अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे बघावं लागणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमावर बॉम्ब पडण्याच्या जवळपास दीड वर्ष आधीचं हे पत्र. जगाला अणू हा शब्द बॉम्बमुळे माहीत झाला, पण भाभांच्या डोक्यात तो आधीच संस्था, माणसं आणि प्रशिक्षण या रूपात होता.

ट्रस्टने होकार दिला. १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली. आधी बंगळूरला आणि त्याच वर्षाअखेर मुंबईत, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात. आपल्या वरळीहून हाजी अली ओलांडलं की पेडर रोड लागतो, इतकी ती जागा जवळ. नंतर संस्था कुलाब्याला समुद्रकाठी गेली.

एक गोष्ट लक्षात आली का? ज्या ट्रस्टने परळचं कॅन्सर रुग्णालय बांधलं, त्याच ट्रस्टने ही संशोधन संस्था उभी केली. एकाच घरातून निघालेल्या दोन वाटा. एक रुग्णाकडे जाणारी, दुसरी प्रयोगशाळेकडे. या दोन वाटा पुढे वीसेक वर्षांनी एकमेकींना मिळाल्या.

अप्सरा : आशियातली पहिली अणुभट्टी

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये चेंबूरच्या पलीकडे, ट्रॉम्बेच्या टेकड्यांच्या पायथ्याशी अणुऊर्जा केंद्राचं काम सुरू झालं. त्याच वर्षी केंद्र सरकारचं अणुऊर्जा खातं निर्माण झालं. इतर बहुतेक खात्यांची मुख्यालयं दिल्लीत, पण या खात्याचं मुंबईत. ते आजही मुंबईतच आहे.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत रशिया वगळता आशियातली ही पहिली. इंधन ब्रिटनकडून आलं होतं, पण भट्टी आपल्या लोकांनी बांधली. भट्टीचा गाभा पाण्याच्या खोल हौदात बुडवलेला असे आणि चालू असताना पाण्यात सुंदर निळा प्रकाश दिसे. अप्सरा हे नाव पंडित नेहरूंनी दिलं.

अणुभट्टी म्हटलं की मुलांना वाटतं, तिथे फक्त वीज किंवा बॉम्ब. अप्सरातून वीज तयार होत नव्हती. ती संशोधनासाठी होती, आणि तिच्यातून एक फार मोलाची वस्तू मिळू लागली, ती म्हणजे किरणोत्सर्गी समस्थानिकं.

समस्थानिक म्हणजे काय? एकाच मूलद्रव्याची जुळी भावंडं समजा. गुणधर्म सारखे, वजन थोडं वेगळं. काही भावंडं शांत असतात, काही किरण सोडत सोडत बदलत जातात. किरण सोडणारी ती किरणोत्सर्गी समस्थानिकं. एखादा पदार्थ भट्टीत ठेवला की त्यावर न्यूट्रॉनचा मारा होतो आणि अशी समस्थानिकं तयार होतात. उदाहरणार्थ, टेल्युरियम नावाचा पदार्थ भट्टीत ठेवून आयोडीन-१३१ मिळवतात.

अंगातल्या औषधाने फोटो कसा निघतो?

हा माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न. उत्तर सोप्या भाषेत असं.

एक्स-रेमध्ये किरण बाहेरून येतात, शरीरातून आरपार जातात आणि हाडांची सावली पडते. १८९५ मध्ये रॉन्टगेन यांनी लावलेला तो शोध. सावलीवरून आकार कळतो, पण तो अवयव काम कसं करतोय ते कळत नाही.

समस्थानिकांची पद्धत उलटी. इथे किरण आतून बाहेर येतात. आपल्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आयोडीन शोषून घेते. म्हणून रुग्णाला अगदी थोडं किरणोत्सर्गी आयोडीन दिलं, की ते त्या ग्रंथीत जाऊन बसतं आणि तिथून किरण पाठवतं. बाहेर ठेवलेलं यंत्र ते किरण टिपतं. कुठे जास्त शोषलं, कुठे कमी, ते चित्रात दिसतं. थायरॉईडचा कॅन्सर शरीरात दुसरीकडे पसरला असेल, तर पुष्कळदा तिथूनही किरण येतात आणि लपलेली गाठ सापडते. दिवा लावून घरात शोधावं, तसं हे शोधणं.

पण यात एक मोठी अडचण आहे. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं. सोळा दिवसांत पाव. चोवीस दिवसांत आठवा भाग. हाडांच्या स्कॅनसाठी वापरतात ते टेक्नेशियम तर सहा तासांतच निम्मं होतं. ही गोष्ट मी वर्गात सांगितली, तेव्हा कोळीवाड्यातली एक मुलगी पटकन म्हणाली, की हे मासळीसारखं झालं, वेळेवर बाजारात पोचली नाही तर शिळी होते. मी तिला शाबासकी दिली. फरक इतकाच, की मासळी बर्फात ठेवून थोडी टिकवता येते. हे औषध बर्फात ठेवा, तिजोरीत ठेवा, ते आपल्या गतीने कमी होतच राहतं.

म्हणजे प्रयोगशाळेत शोध लागला, पुस्तकात छापून आला, एवढ्याने रुग्णाला काहीच मिळत नाही. भट्टी जवळ हवी. ते रसायन शुद्ध करून औषध बनवणारी माणसं हवीत. ते नेणारी गाडी वेळेवर हवी. रुग्णालयात यंत्र हवं, ते चालवणारा तंत्रज्ञ हवा, चित्र वाचणारा डॉक्टर हवा. यातलं एक जरी नसलं तरी औषध वाटेतच संपतं. परदेशातून विमानाने मागवलेल्या औषधाचा काही भाग तर प्रवासातच संपून जातो. भाभांचं मोठेपण मला इथे दिसतं. ते डॉक्टर नव्हते. स्कॅनचं यंत्रही त्यांनी शोधलेलं नाही. पण ही सगळी साखळी एकाच शहरात, गाडीने जाता येईल इतक्या अंतरावर उभी राहावी, याची व्यवस्था त्यांच्या कारकिर्दीत झाली.

रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे का?

१९५७ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय केंद्रीय आरोग्य खात्याकडे गेलं होतं. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे आलं. कॅन्सरचं रुग्णालय आणि अणुऊर्जा खातं? आजही अनेकांना हे विचित्र वाटतं. मलाही वाटायचं. पण वर सांगितलेली साखळी डोळ्यांपुढे ठेवली की त्याचा अर्थ लागतो. कॅन्सरचं निदान आणि उपचार यांत किरणांचा वाटा वाढत जाणार होता. किरणं आणि समस्थानिकं ज्यांच्याकडे, त्यांच्याकडेच रुग्णालय असलं तर मधलं अंतर कमी होतं.

पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, परळला टाटा रुग्णालयाच्या परिसरात ट्रॉम्बेच्या केंद्राचा एक वेगळा विभाग सुरू झाला. त्याचं नाव रेडिएशन मेडिसिन सेंटर. ट्रॉम्बेला जे तयार होतं ते रुग्णापर्यंत नेणं आणि डॉक्टर-तंत्रज्ञांना त्याचं शिक्षण देणं, हे त्याचं काम. थायरॉईडच्या रुग्णांची तपासणी आणि उपचार यांत या केंद्राने मोठं काम केलं. देशभरातले अनेक न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर इथेच शिकून गेले.

अर्थात हे एकट्या भाभांचं काम नव्हे. परळलाच डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कॅन्सर संशोधनाचा पाया घातला होता. १९५२ मध्ये सुरू झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे ते पहिले संचालक. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्यासारखे शल्यविशारद रुग्णांसाठी दिवसरात्र राबत होते. रुग्णालयाच्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. ही माणसं आधीपासून नसती, तर ट्रॉम्बेचं औषध परळला येऊन काय उपयोग?

अचानक शेवट

२४ जानेवारी १९६६. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी भाभा व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचं कांचनजंगा हे विमान आल्प्स पर्वतात माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळलं. विमानातले सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. भाभा तेव्हा ५६ वर्षांचे होते. तेरा दिवसांपूर्वीच पंतप्रधान लालबहादूर शास्त्री गेले होते. देशावर एकापाठोपाठ एक असे हे आघात.

त्याच वर्षी टाटा रुग्णालय आणि खानोलकरांचं संशोधन केंद्र एकत्र करून टाटा मेमोरियल सेंटर झालं. १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आलं.

त्यांच्यानंतर

व्यक्ती गेली की तिचं काम थांबतं, असं आपण खूपदा पाहतो. इथे ते थांबलं नाही. २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅन सुरू झालं. पेट स्कॅनमध्ये साखरेसारख्या पदार्थाला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडतात. कॅन्सरच्या पेशी साधारणपणे जास्त साखर ओढतात, म्हणून त्या चित्रात उठून दिसतात. हे फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मं होतं. सायक्लोट्रॉन म्हणजे ते तयार करणारं यंत्र. ते रुग्णालयाजवळ का असावं लागतं, हे आता वेगळं सांगायला नको.

दुसरी बाजूही मुलांना सांगावी

थोर व्यक्तींची चरित्रं सांगताना आपण सगळं गोडगोड सांगतो. तसं करू नये असं मला वाटतं. भाभांनी पाहिलेलं अणुविजेचं स्वप्न त्यांना वाटलं त्या वेगाने पूर्ण झालं नाही. अणुऊर्जेतूनच बॉम्बचीही वाट निघते आणि त्यावर आजही वाद आहेत. आणि परळची गर्दी तर आपण रोज पाहतो. बिहार, बंगाल, विदर्भ, मराठवाड्यातून आलेली माणसं पदपथावर फायली उराशी धरून बसलेली असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा त्यांना आधार देतात, पण सगळ्यांना पुरत नाहीत. ट्रॉम्बे ते परळ हा रस्ता झाला. परळपासून गडचिरोलीच्या पाड्यापर्यंतचा रस्ता अजून पुरता झालेला नाही. तो पुढच्या पिढीने करायचा आहे, म्हणजे आपल्या वर्गातल्या मुलांनी.

वर्गात घेतलेला उपक्रम : चिंचोक्यांचा खेळ

साहित्य : चिंचोके फोडून केलेल्या ६४ डाळी. एक बाजू पांढरी, एक तपकिरी.

कृती : सगळ्या डाळी एकदम जमिनीवर टाकायच्या. ज्या पांढऱ्या पडतील त्या बाजूला काढायच्या. उरलेल्या मोजून फळ्यावर लिहायच्या. पुन्हा टाकायच्या. असं सहा वेळा करायचं.

दरवेळी साधारण निम्म्या डाळी कमी होतात. आमच्या वर्गात ६४ वरून ३५, मग १६, ९, ४, ३ आणि शेवटी १ उरली. कुठली डाळ कधी जाणार हे कोणालाच सांगता येत नाही, पण एकूण किती जातील याचा अंदाज बांधता येतो. किरणोत्सर्गाचंही तसंच.

मग मी मुलांना गणित घातलं. पेट स्कॅनचं औषध ११० मिनिटांत निम्मं होतं. सहा वेळा निम्मं व्हायला किती वेळ? ११० गुणिले ६ म्हणजे ६६० मिनिटं, म्हणजे ११ तास. सकाळी दहाला दिलेलं औषध रात्री नऊपर्यंत चौसष्टावा भाग उरतं. शिवाय लघवीवाटेही ते बाहेर पडतं, म्हणून भरपूर पाणी प्यायला सांगतात. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेपर्यंत ते नावालाही राहत नाही. (प्रत्येक औषधाचा वेळ वेगळा असतो. उपचारासाठी जास्त आयोडीन दिलं असेल तर काही दिवस काळजी घ्यावी लागते. म्हणून डॉक्टर सांगतील तेच पाळायचं.)

आणि सर्वांत महत्त्वाचं. किरणं म्हणजे खरूज किंवा सर्दी नाही. दिव्याजवळ बसलं म्हणून आपण दिवा होत नाही, तसंच अशा रुग्णाजवळ बसलेला माणूस किरणोत्सर्गी होत नाही. लहान मुलांना थोडा वेळ लांब ठेवतात, ते त्यांना विनाकारण किरणं मिळू नयेत म्हणून.

हे सगळं सांगताना मी त्या मुलाचं किंवा त्याच्या आईचं नाव घेतलं नाही. शेवटची डाळ टाकायला मात्र त्यालाच बोलावलं. ती पांढरी पडली. त्याने ती उचलली, फळ्यावर शून्य लिहिलं आणि जागेवर जाऊन बसला. मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी कोळीवाड्यातली ती मुलगी डबा घेऊन बसली. मग बाकीचेही आले. त्याच्या आईच्या अंगात बॉम्ब घातला नव्हता, दिवा लावला होता, हे त्याचं त्याला कळलं होतं.

सरावासाठी प्रश्न

१) होमी भाभांच्या वडिलांनी कोणती अट घातली? ती तुम्हाला योग्य वाटते का? का?
२) अप्सरा अणुभट्टी कधी व कुठे सुरू झाली?
३) किरणोत्सर्गी औषध साठवून का ठेवता येत नाही?
४) टाटा मेमोरियल रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे देण्याचा काय फायदा झाला?
५) तुमच्या ओळखीच्या आजारी व्यक्तीशी कसं वागाल? पाच ओळी लिहा.

शिक्षक मित्रांनो, येत्या ३० ऑक्टोबरला शाळेला सुट्टी असली तरी सुट्टी संपल्यावर हा पाठ जरूर घ्या. चिंचोके आधीच गोळा करून ठेवा. पालकहो, घरात कोणाचे उपचार चालू असतील तर मुलांना खरं काय ते त्यांच्या भाषेत सांगा. आपण गप्प राहिलो की मुलं स्वतःच काहीतरी उत्तर तयार करतात, आणि ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा जास्त भीतीदायक असतं.